खुरपणाऱ्या बाईच्या नावाची पेढी

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. बरीच प्रकरणं विसरलो, काही मुद्दाम विसरलो. हे एक मात्र मनातून जात नाही. त्यात खून नाही, दरोडा नाही, आणि वर्तमानपत्रातही कोपऱ्यात चार ओळींपलीकडे काही आलं नाही.

शिरूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून तक्रारी अर्ज पाहत बसलो होतो. ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे न्हावऱ्याकडची एक बाई उभी होती. पन्नाशीची, विधवा, रोजानं कांदा खुरपायला जाणारी. अंमलदार तिला सांगत होता, "मावशी, रेशनचं काम इथं नसतं."

"रेशनवाल्यांनीच हिकडं धाडलंय," ती म्हणाली. "म्हणत्यात, तुझी कंपनी हाय. कंपनीवालीला धान्य मिळत न्हाई."

मी तिला आत बोलावलं. खुर्चीवर बसायला ती तयार नव्हती. हातातला कागद पाहिला. तिच्या नावावर सिमेंट आणि लोखंडाची पेढी, जीएसटी क्रमांकासह. उलाढाल कोटीच्या घरात. त्यामुळे रेशन बंद आणि निराधार पेन्शनही बंद.

"मावशी, हे नाव तुमचंच ना?"

"नाव माझंच हाय. पर साहेब, शिमिट म्या फकस्त शेजाऱ्याचं घरकुल झालं तवा बघितलं."

अर्ज मी चौकशीवर ठेवला. 'चौकशीवर ठेवला' म्हणजे गठ्ठ्यात पडून राहिला, हे ठाण्यात काम केलेल्याला वेगळं सांगायला नको. त्या आठवड्यात बंदोबस्त होता, दोन अपघात होते. हे कर खात्याचं काम, असंही मनात होतंच.

मग एका जुन्या गुन्ह्यात जबाब द्यायला एक पोस्टमन ठाण्यात आला. जबाब झाला, चहा झाला, आणि जाता जाता तो म्हणाला, "साहेब, मांडवगण फराट्याच्या एका वस्तीवर ट्रेडर्सच्या नावानं सरकारी पत्रं येत्यात. घरं पत्र्याची. दुकान एक बी न्हाई. बाया पत्र घ्यायला भित्यात."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः गेलो. पाच बायका भेटल्या आणि पाचही जणींनी एकच हकीकत सांगितली. समाजमंदिरात मोफत शिबिर झालं होतं. 'पॅन कार्ड काढून देतो, योजनेचा फॉर्म भरतो' म्हणून एकानं आधार, वीजबिल आणि अंगठे घेतले. लेकरांना बिस्किटांचे पुडे वाटले. न्हावऱ्याच्या बाईला विचारलं, तर तीही त्या दिवशी बहिणीकडे म्हणून त्याच वस्तीवर आलेली. तो माणूस दौंडकडचा कर सल्लागार निघाला.

नोटीस देऊन त्याला बोलावलं. दिलेल्या वेळेला, फाइल घेऊन हजर. आवाज मऊ, शर्टाला इस्त्री.

"मी फक्त फॉर्म भरतो, साहेब. कागद खरे, अंगठा खरा. पुढे त्यांनी काय धंदा केला, मला काय माहीत?"

तीन तास विचारत राहिलो. घाबरलेला निर्दोष माणूसही दहा ठिकाणी अडखळतो, तारखा चुकतो. हा एकदाही चुकला नाही, आणि तेच मला खटकलं. पण खटकणं हा पुरावा होत नाही. त्याला जाऊ दिलं.

कर खात्याला पत्र देऊन नोंदणीचे कागद मागवले. प्रत्येक पेढीबरोबर दुकानाचा फोटो जोडावा लागतो. सहा पेढ्यांचे सहा फोटो टेबलावर मांडले. फ्लेक्सवर नावं सहा, पण मागचं शटर निळं आणि खाली डाव्या कोपऱ्यात पत्र्याचं ठिगळ वेल्डिंग केलेलं. सहाही फोटोंत तेच ठिगळ.

एक हवालदार बरोबर घेऊन दौंडच्या गल्ल्या दोन दिवस पायी पालथ्या घातल्या तेव्हा ते शटर सापडलं. दुकान बंद होतं. मालक सत्तरीचे, सगळे त्यांना आबा म्हणत. तिथं त्यांनी वीस वर्षं हार्डवेअर विकलेलं.

"त्या टॅक्सवाल्याला एक दिवस वापराया दिलं व्हतं," आबा म्हणाले. "जाहिरातीचं फोटो काढायचंत म्हणाला."

"दुकान का बंद केलं?"

"पक्क्या बिलानं विकत व्हतो. बाकीचे माझ्या खरेदीपेक्षा कमी भावात माल द्यायचे. मला वाटायचं, आपल्यालाच धंदा जमंना."

मी त्यांना समजावून सांगितलं. या खोट्या पेढ्या नुसती बिलं विकायच्या. घेणारा ती बिलं दाखवून 'कर आधीच भरलाय' म्हणायचा आणि आपला कर बुडवायचा. म्हणून त्याला माल स्वस्त विकायला परवडायचं. आबा पायरीवर बसले. मग म्हणाले, "जबाब कुठं द्यायचा?"

आबांचा जबाब आणि सहा फोटो पुढे ठेवल्यावर सल्लागारानं पाणी मागितलं. मग कबूल झाला. वर म्हणाला, "पण साहेब, त्या बायकांचं काय गेलं? त्यांच्याकडे वसूल करण्यासारखं आहे तरी काय?"

"रेशन गेलं," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला खरोखरच ते माहीत नव्हतं.

त्याला अटक केली. लॅपटॉपमध्ये बिलं घेणाऱ्यांची यादी मिळाली. त्यातली दोन माणसं माझ्याबरोबर झेंडावंदनाच्या व्यासपीठावर बसलेली. ते वकील घेऊन आले, खात्याकडे कर आणि दंड भरला आणि त्याच आठवड्यात पुन्हा गल्ल्यावर बसले. कायद्यात जे होतं ते झालं. बाईच्या नावावरची पेढी बंद व्हायला मात्र सात महिने लागले, कारण ती बंद करायचा ओटीपी तिनं कधी न पाहिलेल्या मोबाईलवर जात होता. मी पत्रांवर पत्रं लिहिली. शेवटी कर खात्यातल्या एका तरुण अधिकारी बाईंनी स्वतः पाठपुरावा करून ती नोंदणी रद्द करवली. रेशन सुरू झालं. मधल्या महिन्यांचं धान्य कुणी दिलं नाही.

निवृत्तीनंतर खटला उभा राहिला. साक्षीला मी गेलो, तीही दिवसाचा रोज बुडवून एसटीनं आली होती. आरोपीच्या वकिलांनी तिला विचारलं, "बाई, तुम्ही आयुष्यात सरकारला कधी कर भरलाय का?"

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. तिनं थोडा विचार केला.

"भरते की. साबण घेतला, चप्पल घेतली, मोबाईलचं रिचार्ज मारलं, का दुकानदार कर लावून घेतोच. पावती कुणी देत न्हाई, आन् म्या बी कवा मागितली न्हाई."

न्यायाधीशांनी ते उत्तर जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं.

माझ्या पगारातून तीस वर्षांहून जास्त काळ कर कापून गेला. त्याचा मला अभिमान होता. चार लोकांत बसलो की मी म्हणायचो, "कर आम्ही भरायचा आणि फुकटचं रेशन यांनी खायचं." त्या दिवशी कोर्टाच्या बाकावर बसून ते वाक्य मला आठवलं आणि मान वर करून तिच्याकडे बघवेना. खटला अजून चालू आहे, निकाल काय लागेल ते सांगता येत नाही. ते वाक्य मात्र त्यानंतर मी कधी उच्चारलेलं नाही.