आला होता का रे?

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार आहेत ते शालनताईंचे. माझ्या पलटणीतल्या लान्स नाईक हणमंतची ही थोरली बहीण, सांगली जिल्ह्यातल्या एका गावात शिक्षिका. आमच्या घरात दहावीपुढे कुणी गेलं नव्हतं. हणमंत गेल्यावर ताईंनी मला मुक्त विद्यापीठाचा अर्ज भरायला लावला. पोस्टानं पुस्तकं पाठवली, माझे निबंध तपासून परत पाठवले. त्या बी.ए.मुळेच निवृत्तीनंतर मला रियाधमध्ये एका गोदामावर सिक्युरिटी सुपरवायझरची नोकरी मिळाली.

हणमंतबद्दल थोडक्यात सांगतो. आमची पोस्ट उत्तरेच्या सीमेवर, बर्फात. मी रेडिओ ऑपरेटर होतो. त्या दिवशी हणमंत दोन जवानांना घेऊन गस्तीवर गेला. दुपारी सेटवर त्याचा आवाज आला. सेटवर पोस्ट म्हणजे 'वन', गस्तीची तुकडी 'टू'.

"वन, मी टू. नाला पार करतोय. चहा ठेव. ओव्हर."

"रॉजर. आउट."

त्यानंतर वरच्या उतारावरचा सगळा बर्फ खाली आला. मी हाका मारत राहिलो. समोरून उत्तर आलं नाही, तर रेडिओवर 'नथिंग हर्ड' म्हणतात. संध्याकाळपर्यंत मी तेच म्हणत होतो. दोघे जवान जिवंत निघाले. हणमंत निघाला, पण जिवंत नाही.

पुढे तो माझ्या स्वप्नात येऊ लागला. रियाधमध्येही आला. माझी रात्रपाळी असायची, त्यामुळे झोप दुपारची. जाड पडद्यातून पिवळा उजेड झिरपायचा आणि मी रिकाम्या मेट्रोत बसलेला असायचो. समोर हणमंत. बुटांवरचा बर्फ वितळून डब्यात पाणी झालेलं. खाली सगळं शहर चमकत असायचं. "पुढचं स्टेशन कुठलं रे?" तो विचारायचा. मला कधीच सांगता यायचं नाही.

ताई दर शुक्रवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी फोन करायच्या.

"आला होता का रे?"

"आला होता ताई."

"काय घातलं होतं? बारीक दिसत होता का?"

त्यांच्या स्वप्नात तो एकदाही आला नव्हता. जी काही खबर जायची, ती माझ्याकडून.

पण त्याच झोपेतून मी ओरडत उठायचो. माझ्या खोलीतले बशीरभाई, आमच्याच गोदामाचे ट्रक ड्रायव्हर, मूळ रत्नागिरीचे, पाणी घेऊन उभे असायचे. ड्युटीवर माझे हात थरथरू लागले. शेवटी त्यांनी मला अल मलाझ भागातल्या मानसोपचार डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. हात थांबले, ओरडणं थांबलं. झोप विहिरीच्या तळासारखी शांत झाली. तिथं मेट्रो नव्हती आणि हणमंतही नव्हता.

"आला होता का रे?"

"नाही ताई."

"बरं. जेवलास का?"

असे कितीतरी शुक्रवार गेले. एकदा 'बरं' म्हणायला त्यांना वेळ लागला. त्या दिवसापासून मी गोळ्या घेणं सोडलं.

बशीरभाईंनी फडताळावरची पाकिटं पाहिली. "गोळ्या खलास झाल्या की सोडल्यास?"

"सोडल्या."

"कुणाला विचारून?"

"कुणाला नाही."

"शाबास फौजी. उद्या मी पण ट्रकचे ब्रेक काढून ठेवतो. कुणाला विचारायचं नाही."

मी हसण्यावारी नेलं. पण डोक्यात विजेसारखे झटके येऊ लागले. पायाखालची जमीन बोटीसारखी हलायची. झोपच येईना, मग स्वप्न कुठून येणार?

पाळी बदलून मी दिवसपाळीवर आलो होतो, तेव्हा धुळीचं वादळ आलं. गोदामाचं अंगण आधी पिवळं झालं, मग जवळजवळ पांढरं. बशीरभाई ट्रक रिव्हर्स घेत होते. मी मागे उभा राहून वॉकीटॉकीवर सांगत होतो, "आओ, आओ, क्लिअर." तेवढ्यात धुळीत हणमंत दिसला. पाठमोरा. खांद्यावर बर्फ. मी त्याला हाक मारली आणि त्याच्याकडे चालू लागलो. ट्रकच्या बरोबर मागून.

ब्रेक करकचून लागले. माझ्या पाठीला ट्रकचा पत्रा टेकला होता. बशीरभाई उतरून आले. त्यांचा चेहरा धुळीनं भरलेला.

"अरे, माझ्या हातून मरणार होतास तू!"

मी म्हणालो, "त्यानं वळून पाहिलं नाही."

त्यांनी मला तसंच गाडीत घातलं आणि डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर हैदराबादचे, हिंदी बोलणारे. ते रागावले नाहीत. गोळ्या का सोडल्या, विचारलं. मी मेट्रोपासून शुक्रवारपर्यंत सगळं सांगितलं.

"कम करना है, ये सोचना ग़लत नहीं," ते म्हणाले. "अकेले, एक झटके में बंद करना ग़लत है."

मला ते पटलं. रेडिओ नेटवरचं कुठलंही स्टेशन स्वतःच्या मर्जीनं सेट बंद करू शकत नाही, कंट्रोलची, म्हणजे मुख्य स्टेशनची, परवानगी लागते. हे मी त्यांना सांगितलं.

"तो कंट्रोल कौन है? मैं?" ते हसले. "जिनके लिए आप सुनते रहते हैं, कभी उनसे भी पूछा?"

विचारलं नव्हतं. फोनवर जमलं नसतं, म्हणून मी ताईंना पत्र लिहिलं. ते असं:

ती. शालनताईंना सा. न.

गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून परत सुरू केल्या आहेत. तब्येत स्थिर राहिली, तर पुढे त्यांच्या देखरेखीखाली थोड्या थोड्या कमी करू. त्याला वेळ लागेल. स्वप्नं परत येतील की नाही, ते डॉक्टरही सांगू शकत नाहीत. तोवर शुक्रवारी मी 'नाही' म्हणालो, तर चालेल का? तुमच्या परवानगीशिवाय मला शांत झोपावंसं वाटत नाही.

पण ताई, आपण फक्त स्वप्नातल्या हणमंतबद्दलच बोलतो. मी त्याच्यासोबत जागेपणी तीन वर्षं होतो. ते तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि मीही सांगितलं नाही. आता दर शुक्रवारी त्यातलं एकेक सांगेन. पहिलं इथंच लिहितो.

पहाऱ्यावर दात वाजायला लागले की तो मोठ्यानं पाढे म्हणायचा. एकोणतीसच्या पाढ्यात हमखास अडकायचा. "इथंच ताईनं कान पिळला होता," म्हणायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचा. एकोणतीस सत्ते दोनशे तीन, हे त्याला शेवटपर्यंत आलं नाही. दोनशे सहा म्हणायचा, अगदी ठासून. आम्ही कुणीच चूक दुरुस्त केली नाही. सगळी पोस्ट त्या आकड्याची वाट बघत असायची, हसायला.

तुमचा,
विलास