अण्णांची विषाची पाटी

माझ्या लेकीच्या डोक्यात मी एकदा कीटकनाशक चोळलं होतं. उवा झाल्या होत्या तिला. साताऱ्याहून कुंडलला आलेली मी मॅट्रिक पास सून. धाकटे दीर अण्णा यांच्या दुकानातला पांढऱ्या पावडरीचा डबा घरात होता आणि सगळे त्याला औषधच म्हणत. डब्यावर सगळं इंग्रजी. ते मी शेजारणींपुढं ठसक्यात वाचून दाखवलं. अर्थ? तो कुणी विचारला होता! किडा मरतो तिथं ऊ काय टिकणार, म्हणत पोरीला पुढ्यात बसवलं... तासाभरात ती थरथरायला लागली, डोळे फिरवले. अण्णांनी तिला मिरजेच्या दवाखान्यात नेलं म्हणून वाचली. आता ती माझा हा पराक्रम नातवंडांना तिखटमीठ लावून सांगते.

गेल्या महिन्यात अण्णा गेले. फोन आला तेव्हा मी द्राक्षं धूत होते, मिठाच्या पाण्यात, त्यांनी शिकवलं तशी. हात बराच वेळ पाण्यातच राहिले...

तेव्हा पोरीला घेऊन मिरजेहून परतल्यावर अण्णांनी दुकानाची पाटी उतरवली, ‘शेती औषधे’ पुसून ‘शेतीचे विष’ असं रंगवलं. गावभर हसं झालं. कुणी औषध मागितलं की म्हणायचे, “औषध मिरजंला. हितं इख मिळतं. बोल गड्या, कुठल्या किडीला?”

पुढे कित्येक वर्षांनी त्यांना कळलं, की काही रसायनांवर ती बनवणाऱ्या देशातच बंदी असते, तरी ती बाहेर विकली जातात. म्हणून देशादेशांनी करार केला: असला माल पाठवण्याआधी त्याचे धोके कळवायचे, घेणाऱ्या देशाला हवा का ते विचारायचं. त्या बातमीचं कात्रण अण्णांच्या खिशात राहून राहून मऊ पडलं होतं. एका वर्षी गावची द्राक्षं परदेशी बंदरावर अडवली, फवारणीचे अंश जास्त म्हणून. द्राक्षबागेच्या मांडवाखालच्या हिरव्या उजेडात अण्णा हसत बसलेले, “वैनी, त्येंचंच इख द्राक्षाला लावून आपन आहेर परत केला, तर घेत न्हाईत की!”

ती पाटी आता माझ्या खोलीत, भिंतीला टेकून असते. दुपारी डोळा लागता लागता तिची अक्षरं हलतात, पसरतात, आणि मिरजेच्या दवाखान्याचा व्हरांडा होतात. पोर आत, मी कपाळ बडवतेय, “एका शब्दानं विचारलं असतं तर!” अण्णा शेजारी बाकावर, मान खाली घालून...

“रडू नगा, वैनी. डबा मी घरात आनला, त्यात काय हाय ते मी सांगितलं न्हाई. पन आवं, मला तरी कुणी सांगितलंवतं?”