ग्रिलच्या आतून काढलेल्या विजा

माझा धाकटा भाऊ पायाळू होता. म्हणजे जन्मताना त्याचे पाय आधी बाहेर आले. अशा माणसाला वीज ओढून घेते, अशी आमच्या आईची समजूत होती. कोकणातल्या गावातून ती समजूत तिच्याबरोबर मोहने गावातल्या चाळीत आली आणि पुढे बाळकुमच्या इमारतीत अकराव्या मजल्यावरही आली. आकाशात गडगडले की भावाला घरात घ्यायचे आणि खाटेवर पाय वर घेऊन बसवायचे. चाळीसमोर क्रिकेट रंगात आलेले असताना ढग भरून आले, तर आई येऊन कडेला उभी राहायची. पोरेच त्याला सांगायची, "जा रे, तुझं वॉरंट आलं."

पायाळू असण्याचा दुसरा उपयोगही होता. कमरेत उसण भरली की पायाळूची लाथ लागू पडते, असे चाळीत सगळेच मानत. सकाळी दोन-चार वडीलधारी माणसे आमच्या दारात पाठमोरी उभी राहत आणि भाऊ शाळेत जाता जाता एकेकाच्या कमरेला पाय लावून जाई. त्याच्या वर्गशिक्षकांनीही एकदा ही लाथ घेतली होती. त्या वर्षी त्याला गणितात बरे गुण मिळाले, त्याचे श्रेय आमचे वडील त्या लाथेला देत.

पुढे त्याने डोंबिवलीत लग्नाचे फोटो काढण्याचा व्यवसाय सुरू केला. पोटासाठी लग्ने आणि हौस म्हणून विजा. त्याला विजांचेच वेड का लागावे, हे घरात कुणी विचारले नाही. उत्तर सगळ्यांना माहीत होते.

वीज दिसल्यावर बटण दाबून तिचा फोटो मिळत नाही. बोट हलेपर्यंत ती संपलेली असते. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा, आभाळाचा एक तुकडा निवडायचा, शटर उघडे ठेवायचे आणि वाट पाहायची. शटर उघडे असताना वीज आली तर फोटो, नाही तर पुन्हा पहिल्यापासून. मे महिन्याचा वळीव आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस हे त्याचे दोन हंगाम. आमच्या गॅलरीतून कोलशेतच्या बाजूची खाडी दिसते. तिच्यापलीकडे, भिवंडीच्या अंगाला, आभाळ आधी पेटते.

बऱ्याच भांडणांनंतर आईने परवानगी दिली, ती अटींवर. कॅमेरा गॅलरीच्या ग्रिलच्या आत राहील. भाऊ हॉलमध्ये दिवाणावर बसेल आणि लांब वायरच्या टोकाला असलेले बटण तिथून दाबेल. आई शेजारी बसेल. ती त्याच्या शर्टाची बाही धरून बसे. तो म्हणे, "आई, हात हलतो ना माझा." कॅमेरा दहा फुटांवर असल्याने हात हलून काही बिघडत नव्हते, आणि हे दोघांनाही ठाऊक होते.

फोटो आले की आई ते तपासत असे. वीज ती पाहतच नसे. चौकटीच्या कडेला ग्रिलचा काळा गज आला आहे की नाही, एवढेच ती बघे. गज असेल तर पोरगा घरात होता. त्यामुळे भावाच्या प्रत्येक फोटोत डावीकडे किंवा उजवीकडे एक काळी रेघ आहे. ती टाळणे सोपे होते, पण तो मुद्दाम ठेवत असे. मी ज्या वर्तमानपत्रात काम करते, त्याने त्याचा एक फोटो छापला, तेव्हा पान लावणाऱ्याने ती रेघ कापली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने अंक पाहिला आणि ती दुपारपर्यंत त्याच्याशी बोलली नाही. अखेर त्याने मोबाइलवर मूळ फोटो काढून तिच्यापुढे धरला. गज पाहून ती जेवायला उठली.

चाळिशीत त्याला यकृताचा कर्करोग झाला. निदान उशिरा झाले. उपचार चालू असताना, मे महिन्यात, त्याने आईला पहिल्यांदा विचारले, की एकदाच गच्चीवर जाऊ का. डोक्यावर छप्पर नसताना, समोर गज नसताना एक वीज बघायची आहे, असे तो म्हणाला. आईने नाही म्हटले. मीही नाहीच म्हटले. वीज अंगावर पडून माणसे गेल्याच्या बातम्या आमच्या वर्तमानपत्राकडे दर वर्षी येतात, त्यात पायाळू किती होते हे कुणी विचारत नाही. आईचे कारण चुकीचे होते, मनाई बरोबर होती.

त्यानंतर गडगडले की तो विचारी आणि आई नाही म्हणे. त्याचा एक खेळच झाला. "तू फक्त वळून उभी राहा, एक लाथ मारतो, कमरेबरोबर हट्टही सुटेल," असे तो म्हणे. आई म्हणे, आधी नीट जेव, मग लाथा मार.

पावसाळा संपताना रुग्णालयाने पुढची तारीख दिली नाही. घरी आल्यावर आईने मला तारीख विचारली. ते फोन करतील, असे मी सांगितले. तिने पुन्हा विचारले नाही. भावाला सगळे माहीत होते, रिपोर्ट तो स्वतः वाचत असे. तरीही डिसेंबरातल्या लग्नांच्या ऑर्डर त्याने सोडल्या नव्हत्या.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी कोलशेतकडे आभाळ काळे झाले. तो दिवाणावर पडून होता. आई खाली बसून मेथी निवडत होती. पहिला गडगडाट झाला तसे त्याने सवयीने विचारले, "जाऊ का गं गच्चीवर?"

आईने हातातली जुडी खाली ठेवली.

"हो," ती म्हणाली. "ताई येईल सोबत. सावकाश जा."

ती उठली, खुंटीवरची शाल काढली आणि त्याच्यासमोर धरली.

त्याने शाल घेतली नाही. तो आधी माझ्याकडे आणि मग तिच्याकडे पाहत राहिला. गेले पाच महिने जे तो मागत होता ते समोर आले होते, आणि त्याचा चेहरा उतरला होता. डॉक्टरांनी सांगितले तेव्हाही मी त्याला तसे पाहिले नव्हते.

"आई," तो म्हणाला, "नको म्हण ना."

आई शाल घेऊन तशीच उभी होती.

"म्हण ना गं."

"नको जाऊस," ती म्हणाली. "विजा आहेत बाहेर."

त्याने मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केले. आईने शाल त्याच्या अंगावर घातली आणि पुन्हा मेथी निवडायला बसली. बाहेर बराच वेळ विजा चमकत होत्या. कॅमेरा कपाटातून बाहेर काढला नव्हता, आणि कुणी तो मागितलाही नाही.

दिवाळीच्या आधी तो गेला.

त्यानंतर आईने मला एकदाच विचारले, "मी हो म्हणायला नको होतं ना?" आजार कुठवर पोहोचला होता, डॉक्टर काय म्हणाले होते, औषधे का थांबवली होती, हे सगळे मी तिला क्रमाने सांगितले. तिने पूर्ण ऐकून घेतले.

"ते कळतं मला," ती म्हणाली. "पण मी हो म्हणाले."