ज्यांचं इथं कोणी नव्हतं

आमच्या संस्थेचं ऑफिस पांढरकवड्याला, हायवेला लागून होतं. आसपासच्या बंजारा तांड्यांवर बाळंतिणी आणि नवजात बाळांसाठी आम्ही काम करायचो. पैसा परदेशातून यायचा. प्रकल्पाचं शेवटचं वर्ष लागलं तसं तिकडून कळवलं, की कामाचं मूल्यमापन बाहेरच्या माणसाकडून करून घ्या. ते माणूस शोधायचं काम माझ्याकडे आलं.

अट एकच, पण कडक होती. त्या माणसाचा संस्थेशी, जिल्ह्याशी, आमच्यापैकी कुणाशी काही संबंध नको. नागपूरच्या एका डॉक्टरांचा अर्ज चांगला होता, पण त्यांची सासुरवाडी जिल्ह्यातल्याच कळंबची निघाली आणि आमच्या सचिवांच्या घरी त्यांचं जाणं-येणं होतं. शेवटी पुण्याच्या एका बाईंना निवडलं. साठीच्या, लहान मुलांच्या डॉक्टर, हळू बोलणाऱ्या. यवतमाळ जिल्हा त्यांनी पाहिलेला नव्हता. त्यांच्या करारात एक कलम मीच घातलं होतं: मुलाखत चालू असताना आमचं कुणी जवळ थांबणार नाही आणि बायका जे सांगतील ते त्यांच्या नावानिशी कुणालाही कळणार नाही. दुभाषीसुद्धा आमची नको म्हणून दारव्ह्याकडच्या एक निवृत्त शिक्षिका आणल्या. त्या बंजारा होत्या, गोरबोली त्यांच्या घरची.

केळापूरच्या पलीकडे एका तांड्यावर एक तरुण बाई होती. आदल्या वर्षी तिची मुलगी गेली होती, जन्मून आठवडाही झाला नव्हता. तिची नणंद नवरा वारल्यावर माहेरी परतलेली. तीच आमची तांड्यावरची आरोग्यसेविका. बाळाला दवाखान्यात न्यायला निघाले तेव्हा तिनंच त्याला छातीशी बांधून घेतलं होतं. गाडी तांड्याच्या कच्च्या रस्त्यानं निघाली आणि डांबरी लागायच्या आत बाळ गेलं. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा त्या घरात नणंदच ओरडून रडत होती. आई भिंतीला टेकून बसली होती, कोरड्या डोळ्यांनी.

त्यानंतर मी किती वेळा तिच्याकडे गेले असेन. ती चहा ठेवायची, माझ्या आईचं गुडघ्याचं दुखणं विचारायची, बकरीची पिल्लं दाखवायची. मुलीचं नाव कधी निघालं नाही. मला वाटायचं, हिनं गिळून टाकलं आहे. आपण उकरू नये.

मूल्यमापनाच्या यादीत तिचं घर आलं. मी पुण्याच्या बाईंना आणि शिक्षिकेला दारापर्यंत सोडलं.

तिनं विचारलं, "ताई, तुमी नाई येत आत?"

"नाही. मला बाहेर थांबावं लागते."

"असं काहून?"

"म्हणजे तुला मोकळं बोलता येईन."

ती जरा हसली. मी तांड्याच्या तोंडाशी निंबाखाली जाऊन बसले. एका घरी लागतो तेवढा वेळ गेला, मग त्याच्या दुप्पट गेला. तेवढ्यात त्या घरातून रडणं ऐकू आलं. मी उठून उभी राहिले. नणंद शेजारी स्वतःच्या ओट्यावर तूर पाखडत होती. तिचं सूप थांबलं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो, पण जागची कुणीच हलली नाही.

परतताना गाडीत शिक्षिका खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी विचारायच्या आधीच पुण्याच्या बाई म्हणाल्या, "विचारू नका. तुम्हीच लिहून घेतलंय माझ्याकडून."

अहवाल आला. कामाचं कौतुक होतं, उणिवाही होत्या. एका ठिकाणी लिहिलं होतं, की सेविका घरातलीच असली म्हणजे मूल गेलेल्या आईला कुणाशी बोलता येत नाही. अशा घरी नात्याबाहेरच्या बाईनं जात राहावं. परदेशातल्या लोकांनी स्क्रीनवरच्या बैठकीत ही शिफारस फार मोलाची म्हटली. पुढच्या प्रकल्पात घेऊ म्हणाले. पुढचा प्रकल्प दुसऱ्या देशात होता.

मी तांड्यावर गेले तेव्हा तिनं पहिल्यांदाच चहाआधी विचारलं, "त्या बाई आता कधी येतीन?"

मी सांगितलं, की त्या एकदाच येतात. काम बघतात, लिहून देतात. ज्यांचं इथं कोणी नाही अशा बाई मुद्दाम शोधून आणल्या होत्या.

तिनं चहाचं आधण ठेवलं. मग म्हणाली, "येयाचंच नव्हतं, तं मंग इचारलं कायले?"

घरी येऊन मी पुण्याला फोन केला आणि तिचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. बाई म्हणाल्या, "माझा करार संपलाय ना? मग मला कोण अडवणार? तिला फोन लावून द्या."

तांड्यावर रेंज फक्त देवळाच्या ओट्यावर मिळायची. मी फोन लावून तिच्या हातात दिला आणि ऐकू येणार नाही इतकी लांब जाऊन उभी राहिले. तिला मराठी येत होती, हिंदीही येत होती. पण वाऱ्यावर येत होती ती गोरबोलीच. ती पदर तोंडाला लावून बोलत होती, थांबत होती, पुन्हा बोलत होती. या वेळी मधे शिक्षिका नव्हत्या.

फोन परत देताना तिनं काच पदरानं पुसली.

"त्यायले माही बोली समजत नाई न, ताई?"

"नाही."

"तरी हं, हं करून राह्यल्या होत्या." एवढं बोलून ती घराकडे गेली.

रात्री बाईंचा मेसेज आला: 'एक शब्द कळला नाही. मी ऐकत होते.' त्यानंतर त्या दोघी बोलल्या की नाही, मला माहीत नाही.

प्रकल्प संपला. ऑफिसच्या जागेत आता टायरचं दुकान आहे आणि मी यवतमाळला दुसऱ्या कामावर आहे. मागच्या दिवाळीनंतर त्या तांड्यावर गेले तर तिच्या दाराला कुलूप होतं. नवरा-बायको हैदराबादकडे बांधकामावर गेलेले. नणंदेनं मला बसवलं. ती आता सेविका नाही. दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जाते. चहा झाला, तरी ती उठू देईना.

"ताई, एक इचारू?"

"विचार न."

"वहिनी तवा त्या बाईले काय बोल्ली? माह्यावर राग होता काय तिचा? तुमाले मालूम असन."

मी म्हटलं, मला खरंच माहीत नाही. तिला ते खरं वाटलं नाही. "मले कोनं इचारलंच नाई," ती म्हणाली, आणि दोन्ही हात छातीशी घेऊन तशीच बसून राहिली. मी तिच्याजवळ सरकून बसले. मग ती बोलू लागली, बाळाला घेऊन त्या गाडीत बसल्यापासूनचं सगळं.