शाईला आलेली दाढी

पत्रकं लिहून लिहून माझी समजूत झाली होती की माणसाला चार शब्द सुनावले की तो सुधारतो. त्याच भरात मी बेलापुरात स्वदेशी शाईचा धंदा काढायला निघालो. महायुद्ध संपत आलं होतं, आणि आमच्या गावच्या शाळेतल्या दौती अजून परदेशी शाईने भरल्या जात होत्या. मला ते सहन होत नव्हतं.

शाई करायला शिकवलं एका ख्रिस्ती बाईंनी. जन्मभर मास्तरकी करून त्या घरी बसल्या होत्या. हिरडा कुटून उकळायचा, गाळायचा, हिराकस आणि बाभळीचा डिंक घालायचा. पहिल्या बाटल्या मी शाळेत दिल्या, सोबत पत्रक: परदेशी शाईत बुडतो तो हात गुलामाचा.

आठवड्याभरात शाळेचा शिपाई एक बाटली घेऊन दारात.

"पुढारी, तुमच्या शाईला दाढी आली की. पत्रक मातर झ्याक हाय. दौती पुसायला घेतलं."

शाईवर बुरशी चढली होती. मी बाईंकडे जाऊन बाटली परत पाठवणाऱ्या हेडमास्तरांचा उद्धार केला. देशाचं काही नाही या माणसाला, वगैरे.

"बुरशी धरू नये म्हणून लवंगा घाल म्हटलं होतं. घातल्यास?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग त्यांना कशाला बोलतोस? पुन्हा कर."

पुन्हा केली. या खेपेला डिंक जास्त झाला, टाक कागदाला चिकटायला लागले. बाई म्हणाल्या, "पुन्हा कर." तिसऱ्या खेपेची बाटली घेऊन मीच हेडमास्तरांपुढे उभा राहिलो. त्यांनी टाक बुडवून कागदावर लिहिलं, 'शाई फिकट आहे', आणि कागद माझ्याकडे वळवला.

"आता पुरे करा," ते म्हणाले.

हिरड्याची शाई कागदावर सावकाश काळी होते. जिभेवर अख्खं भाषण तयार होतं. ते गिळून मी म्हणालो, "हा कागद टाकू नका. उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी तो कागद टेबलावरच होता. 'शाई फिकट आहे' ही अक्षरं काळीकुट्ट झाली होती. हेडमास्तर गालात हसले.

"वर्षभर द्या. पत्रक नको."

"मग दौती कशानं पुसू?" दारातून शिपाई.

धावत बाईंकडे गेलो. त्या हिरडे निवडत होत्या. सगळं ऐकून त्यांनी खलबत्ता माझ्याकडे सरकवला.

"छान. आता अश्शीच पुन्हा कर."

मी बाह्या सारल्या आणि कुटायला बसलो.