तीन दारं आणि एक काळी छत्री

माझ्या सुनेचा माझ्यावर विश्वास नाही, आणि तिचं बरोबर आहे. तिच्या जागी मी असते तर माझ्यासारख्या सासूला रंगाच्या डब्याजवळ फिरकूही दिलं नसतं.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर घरातली तिन्ही दारं रंगवायचं ठरलं. आतली दारं, जुन्या हिरव्या ऑइलपेंटची, कडीजवळ हातांच्या तेलाने काळी पडलेली. नवा रंग नातीच्या पसंतीचा, मोरपंखी, पाण्यात कालवायचा आणि फारसा वास नसलेला. कारण नातीला दमा आहे. सातवीतली पोर, पण शेजारच्या घरात कोणी पीठ चाळलं तरी हिची छाती वाजते. म्हणून सून म्हणाली, दारं घासायची म्हणजे घरभर धूळ. पोरीला खोडाळ्याला मामाकडे पाठवू आणि सगळं झाडूनपुसून झालं की आणू. म्हणजे दसरा उलटल्यावर. आणि ही पोर जव्हारच्या दसऱ्यासाठी वर्षभर दिवस मोजते. ती भांडली नाही. कपडे भरून आपली पिशवी खुंटीला अडकवली आणि मागच्या ओट्यावर जाऊन पाठमोरी बसली. त्या पाठीकडे बघून मी बोलून गेले की धुळीचा एक कण न उडवता मी दारं घासून देते.

"आई, तुम्ही?" सून म्हणाली.

त्या 'तुम्ही'त माझा सगळा इतिहास होता. सांगितलाही मीच होता, मोठ्या तोंडाने.

पोशेऱ्याहून लग्न होऊन जव्हारला आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची, अंगाने काडी आणि अकलेने त्याहून बारीक. नवरा रंगकामाला जायचा, त्याच्यामागे मीही रोजावर. माझं काम दारं-खिडक्या कोरड्या पॉलिश पेपरने घासायचं. त्या बाईची, म्हणजे तेव्हाच्या माझीच, एक समजूत होती: अंगावर जेवढी धूळ, तेवढं काम. संध्याकाळी मुकादम हजेरी लावायला आला की त्याच्या आधी ती कोपऱ्यात जाऊन खाली पडलेली भुकटी दोन मुठी केसांवर चोळून घ्यायची. भुवयांवरसुद्धा. मग त्या अवतारात बाजारातून एसटी स्टँडपर्यंत मान ताठ करून चालायची, जशी काही सोन्याने मढलीय. लोक बाजूला होऊन वाट द्यायचे. तिला वाटायचं, कष्टाचा मान राखतात. ते आपले कपडे राखत होते.

त्यातच गावातल्या एका व्यापाऱ्याच्या घरी काम लागलं. मुसलमान घर, ईद जवळ आलेली. तिथल्या भाभीने मधल्या खोलीत खाटेवर चादर अंथरून हाताने वळलेल्या शेवया वाळत घातल्या होत्या. मला बजावलं होतं, शेवया उचलल्यावरच आतलं दार घास. पण दार या खोलीत, शेवया त्या खोलीत. धुळीला काय पाय आहेत, असा त्या बाईने विचार केला आणि घासायला घेतलं. दार पांढरं होतं. दुपारपर्यंत शेवयांवर पांढरा थर बसला. भाभी येऊन उभी राहिली तर मी डोळ्याला डोळा देऊन म्हणाले, ते पीठ आहे, शेवयांचंच.

"आटा है?" भाभी शांतपणे म्हणाली. "तो चख ले."

आणि त्या बाईने चिमूटभर घेऊन जिभेवर ठेवलं. वर म्हणाली, "गोड आहे."

भाभी हसता हसता जमिनीवर बसली. मग मला दंडाला धरून मोरीवर नेलं आणि दहा वेळा चूळ भरायला लावली. जुना रंग म्हणजे विष असतं म्हणाली. शेवया सगळ्या फेकून दिल्या. मुकादमाला मात्र एक शब्द सांगितला नाही. दुसऱ्या दिवशी गेले तर दाराजवळ साबणाच्या पाण्याचं घमेलं तयार. तिच्या भावाच्या गॅरेजात गाड्या ओल्याने घासायचे, तिथला काळा वॉटर पेपर तिने आणवला होता. पाण्यात भिजला तरी हा कागद फाटत नाही. म्हणाली, असं घास, नाहीतर घरी बस.

तर ती विद्या मी इतक्या वर्षांनी बाहेर काढली. खाली गोणपाट आणि जुने पेपर अंथरले. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून आधी दाराचा तेलकटपणा काढला, मग साध्या पाण्याने पुसलं. तुटक्या स्लीपरचा तुकडा कापून त्याला वॉटर पेपर गुंडाळला, म्हणजे बोटं सोलत नाहीत आणि दाब सारखा बसतो. बुडवायचा, घासायचा, पुन्हा बुडवायचा. पोपडे आले होते तिथे आधी पाणी शिंपडून मगच पत्र्याची पट्टी चालवली. धूळ उडायच्या ऐवजी हिरवी राड होऊन कोपरापर्यंत ओघळायची. ती वाळायच्या आत ओल्या फडक्याने टिपून घ्यायची. वाळू दिली की तीच धूळ. लाकूड फुगू नये म्हणून प्रत्येक हातानंतर कोरडं फडकं. केस कोरडे, भुवया काळ्या. आरशात बघितलं तर वाटलं, आज माझी हजेरी कोणी लावणार नाही.

सुनेने परीक्षाच मांडली होती. नातीच्या पलंगावर काळी छत्री उघडून ठेवली. तिच्यावर कण दिसला की पिशवी खुंटीवरून निघणार आणि पोर खोडाळ्याच्या गाडीत. नात शाळेतून आली की आधी छत्री बघायची, मग मला. पहिला दिवस छत्री काळी. दुसरा दिवस काळी. मी इतकी माजले की फडकं खांद्यावर टाकून गुणगुणायला लागले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचं दार पुसून उठले, तर सून छत्रीपुढे उभी. काळ्या कापडावर पांढरी भुकटी.

मी म्हटलं, रंग हिरवा आणि भुकटी पांढरी, ही माझी नव्हे. सून म्हणाली, हिरव्याखाली अस्तराचा पहिला हात पांढरा असेल. नात दारात उभी, एक हात खुंटीवरच्या पिशवीवर. तोंड घट्ट मिटलेलं.

"चाखा," सून म्हणाली.

माझ्याच गोष्टीतलं हत्यार. मी बोटाचं टोक टेकवलं, जिभेला लावलं, आणि डोळे मिटून घेतले.

"गोड आहे," मी म्हटलं.

"पुन्हा तेच," सून म्हणाली.

आयुष्यात एकदा त्या वाक्याशी प्रामाणिक होते आणि नेमकं तेव्हा कोणाला पटेना. मी शपथा घ्यायला लागले तसतशी सून जास्तच तोंड वाकडं करायला लागली. शेवटी म्हटलं, बाई, तूच चाख. तिने नाक मुरडत बोट लावलं. थांबली. पुन्हा लावलं. मग मान वळवून फळीवरच्या दूध पावडरच्या डब्याकडे पाहिलं. झाकण तिरकं होतं. मग नातीकडे. नातीच्या वरच्या ओठावर पांढरी मिशी होती.

पोर छत्री बघायला वाकली होती, तोंडात चमचाभर पावडर कोंबून.

सून रागवायला गेली आणि तिलाच हसू फुटलं. मी तर भाभीसारखी जमिनीवरच बसले, ओल्या गोणपाटावर. नातीने तेवढ्यात पिशवी उतरवली आणि त्यातले कपडे परत कपाटात कोंबायला घेतले, कोणी काही ठरवायच्या आत.

रंग ती शाळेत असताना खिडक्या उघड्या टाकून दिला. दसऱ्याच्या दिवशी मोरपंखी दारांना तोरणं लावली आणि मिरवणूक बघायला निघालो, नात पुढे, मी मागे. निघताना सुनेने दूध पावडरचा डबा फळीवरून काढून माझ्या ट्रंकेत ठेवला. म्हणाली, तिथे तो सुरक्षित राहील.

अजून तिचं माणसं ओळखणं कच्चंच आहे.