नोराच्या गाडीची टाकी

अ‍ॅथलोनहून निघालो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि अंगणातलं गवत पांढरं झालं होतं. बर्फ पडला नव्हता. दंवच गोठलं होतं, मीठ पेरल्यासारखं. मी मुलीकडे परदेशी आले होते. मुलगी सुजाता, जावई महेशराव आणि मी, अशी तिघं समुद्र बघायला निघालो होतो.

गाडी आमची नव्हती, शेजारच्या नोराची होती. नोरा माझ्याच वयाची, एकटी राहणारी. तिच्याकडे कॅम्परव्हॅन (आत पलंग, शेगडी, बेसिन, संडास असलेली मोठी गाडी) आहे आणि नोरा ती स्वतः चालवते. दोन दिवसांच्या सहलीसाठी तिनं आम्हाला किल्ली दिली, पण रविवारी संध्याकाळी गाडी परत हवी असं बजावून. सोमवारी तिला स्लायगोला जायचं होतं. तिथल्या इस्पितळात तिच्या बहिणीचं ऑपरेशन होतं, आणि बहीण घरी येईपर्यंत नोरा गाडीतच मुक्काम करणार होती. परक्या उशीवर तिला झोप येत नाही. मलाही येत नाही, म्हणून ती बाई मला पटली.

रस्ता सरळ पश्चिमेला जातो. दोन्ही बाजूंना दगडांच्या बुटक्या भिंती, आत मेंढ्या. मेंढ्यांच्या पाठीवर निळा नाहीतर लाल रंगाचा फराटा, मालकाची खूण म्हणून. मधे काही मैल नुसती तपकिरी दलदल. मला ती काही सुंदर वाटली नाही, पण सुजाता फोटो काढत होती, म्हणून गप्प बसले.

वाटेत चहाला थांबलो. महेशरावांनी बाटलीतलं पाणी शेगडीवर ठेवलं. मी सहज बेसिनचा नळ फिरवून पाहिला. थेंबही आला नाही. कुठलं तरी बटण बंद असेल म्हणून मी विषय काढला नाही. टाकी भरलेली आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. का ठाऊक होतं ते पुढे येईलच.

दुपारी मेयोच्या किनाऱ्यावर पोचलो. गाड्या लावायचं मैदान, त्याखाली वाळू आणि त्यापुढे करडा, फेसाळ समुद्र. तो मात्र मला आवडला. मैदान सांभाळणारा टॉमी साठीचा, लोकरी टोपी घातलेला. त्यानं पाण्याची नळी आणून दिली. महेशरावांनी निळं झाकण उघडून ती टाकीत घातली, आणि पाणी लगेच उसळून त्यांच्या बुटांवर आलं.

"ही तर भरलेलीच आहे!" ते म्हणाले.

त्यांनी आत जाऊन टाकीतलं पाणी नळाला देणाऱ्या मोटरचं बटण दाबलं. मोटर घुरघुरायला लागली. नळ बंद असले की ती आपोआप थांबायला हवी, पण थांबेचना. आमच्याकडे विहिरीवर मोटर आहे, तिचे आवाज मला कळतात. "महेशराव, नळ बंद असताना ही ओरडते का?" मी विचारेपर्यंत आतल्या बाकाखालून पाणी निघालं आणि माझ्या चपला भिजल्या.

महेशरावांनी बटण बंद केलं. सुजातानं त्यांना धारेवर धरलं. "नोरानं दहादा सांगितलं होतं, थंडीत टाकी रिकामी ठेवा, तिथे जाऊनच भरा. तरी तू भरलीस?"

"मी नाही भरली गं."

"मग काय भुतानं भरली?"

"भुतानं नाही, मी भरली," मी म्हटलं.

दोघं माझ्याकडे वळले. मग मी सांगून टाकलं. गुरुवारी गाडी दारात आली, तेव्हा मी नळ उघडून बघितला. कोरडा. प्रवासाला निघायचं आणि गाडीत पाणी नाही! आमच्या गावात नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं. रिकामं भांडं दिसलं की माझा हात आपोआप नळाकडे जातो. ही दोघं कामावर गेल्यावर मी बागेतली नळी लावली आणि टाकी काठोकाठ भरली. जावयाच्या लक्षात नाही, पण माझ्या लक्षात आहे, म्हणून मनात खूशही झाले. पुढच्या दोन रात्री कडाक्याची थंडी पडली. नळ्यांतलं पाणी गोठलं, फुगलं आणि नळ्या फुटल्या. समुद्राजवळच्या उबदार हवेत बर्फ वितळला, तेव्हा कुठे ते कळलं.

"असू दे आई," महेशराव म्हणाले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

सुजाता रडवेली झाली. "सोमवारी नोरा काय करेल?"

टॉमी दारात उभा राहून ऐकत होता. मराठी त्याला कळत नव्हती, पण पाणी दिसत होतं. "सगळं ग्रँड होईल," म्हणाला. (ग्रँड म्हणजे इथे छान, चालेल, काळजी नको, काहीही.) तो हत्यारांची पेटी घेऊन आला. त्यानं टाकी रिकामी केली आणि बाकाची फळी उचकटली. खाली बोटाएवढी निळी प्लॅस्टिकची नळी होती, उभी चिरलेली. एका कोपऱ्यात अजून बर्फ होता. महेशराव उकळतं पाणी घेऊन धावले, तर टॉमीनं त्यांचा हात धरला. "आणखी फोडायची आहे का?" त्यानं गरम पाण्यात पिळलेलं फडकं नळीभोवती गुंडाळलं. मग चिरलेला भाग कापला, नवा तुकडा घातला आणि दोन्ही टोकांचे जोड टक् आवाज येईपर्यंत दाबले.

थोडं पाणी भरून मोटर लावली. ती घुरघुरली आणि थांबली. सुजातानं टाळी वाजवली. तेवढ्यात मोटर पुन्हा घुरघुरली.

"अजून कुठंतरी गळतंय," मी म्हटलं.

टॉमीनं बॅटरी मारून बघितलं. नळ्या आधीच्या पाण्यानं ओल्याच होत्या, कुठली गळते ते कळेना. मी त्या कोरड्या फडक्यानं पुसून घेतल्या आणि भाकरीसाठी आणलेलं ज्वारीचं पीठ चिमटीनं एकेका जोडावर भुरभुरलं.

"मिसेस काय करतायत?" टॉमीनं विचारलं.

"स्वयंपाक," महेशराव म्हणाले. दुपारपासून पहिल्यांदा हसले.

बेसिनमागच्या वळणावर पिठाचा गोळा व्हायला लागला. मी बोट दाखवलं. केसाएवढी चीर होती. टॉमीनं तेही वळण बदललं. मोटर लावली. घुरघुरली, थांबली. आम्ही चौघं कान देऊन बसलो. ती गप्पच राहिली.

उरलेल्या पिठाच्या भाकरी केल्या. टॉमीनं घरून चाउडर (माशांचं दुधातलं दाट सार) आणलं. मासे ताजे होते, मीठ नव्हतं. मी ते सुजाताकरवी त्याला सांगितलं. त्यानं भाकरी खाल्ली आणि म्हणाला, कोरडी लागते. मग आमचं चांगलं जमलं.

दुसऱ्या दिवशी परत येताना सुजाता म्हणाली, "आई, नोराला सांगायची गरज नाही. गाडी नीट झालीय."

"दोन नळ्या बदलल्यात. उद्या ती एकटी जाणार. कुठे फुटली होती हे तिला माहीत नको का?"

दारात गाडी थांबल्याबरोबर मी नोराकडे गेले. सुजाताला म्हटलं, मी बोलते तसंच्या तसं सांग, साखर लावू नकोस. नोरानं ऐकून घेतलं. बाकाखाली आणि बेसिनमागे वाकून दोन्ही जोड चाचपले. नळ सोडला, बंद केला, मोटर थांबेपर्यंत कान दिला.

"पण भरलीस कशाला?" तिनं विचारलं.

"रिकामी होती म्हणून."

तिला इतकं हसू आलं की ती पायरीवरच बसली. मग आत जाऊन पांढरी चिकटपट्टी आणि जाड पेन घेऊन आली. झाकणावर लाव, म्हणाली, तुझ्या भाषेत लिही, पुढच्या वर्षी तू पुन्हा येशील. मी चौथी शिकलेली, अक्षर मोठं. निळ्या झाकणावर लिहिलं, "भरू नये." सोमवारी सकाळी ती पाटी घेऊन गाडी स्लायगोला गेली. बहीण सुखरूप घरी आली, आणि नळालाही पाणी होतं, असा नोराचा निरोप सुजातानं मला वाचून दाखवला.

आता मी गावी परत आले आहे. परदेशात काय पाहिलं, असं बायका विचारतात. मी समुद्राचं सांगते, मेंढ्यांचं सांगते, आणि तिथल्या एका गाडीवर माझ्या हातची पाटी आहे हेही सांगते. परवा नळाला पाणी आलं. मी पिंप भरलं, हंडे भरले, बादल्या भरल्या. एक तांब्या रिकामा दिसला. क्षणभर थांबले, आणि तोही भरला.